शिवेवरचा दुभाषा

आजच्या भाषणाचा विषय तुमच्यापैकीं पुष्कळांना थोडा रूक्ष वाटेल. संगणकाच्या एका भाषेंत लिहिलेल्या प्रोग्रामानें दुसऱ्या, अगदीं निराळ्या स्वभावाच्या भाषेंत लिहिलेल्या डेटाबेसशीं बोलावें कसें, आणि तें बोलणें शिकतांना माझ्या हातून कोणती चूक झाली, हें मी सांगणार आहें. परंतु ह्या रूक्ष विषयाचें एक टोंक एका बाईच्या दहा दिवसांच्या दुधाच्या पैशांना जाऊन पोंचतें. म्हणून, ज्यांनीं आयुष्यांत कधीं प्रोग्राम लिहिला नाहीं व पुढेंही लिहिणार नाहींत, त्यांनींही पंधरा-वीस मिनिटें तो ऐकून घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

धाराशिव जिल्ह्यांतील भूम तालुक्यांत ईट नांवाचें गांव आहे. तें माझें आजोळ. ह्या तालुक्यांत शेतीबरोबर दुधाचा धंदा मोठा आहे; येथल्या दुधाचा खवा दूरदूरच्या मिठाईवाल्यांकडे जातो, आणि ह्याच तालुक्यांतल्या कुंथलगिरीच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या खव्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. पण खव्यापेक्षां मला आजोबांनीं सांगितलेली शिवेची गोष्ट अधिक आठवते. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा सारा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि भूमला लागून असलेला जामखेड तालुका १९४७ पर्यंत इंग्रजी मुलुखांत होता. एका बाजूस हाली रुपया चाले, दुसऱ्या बाजूस कलदार. शंभर कलदार म्हणजे सुमारें एकशें सोळा-सतरा हाली. तेव्हां बैलजोडीचा सौदा शंभरांत ठरला, तरी शहाणा माणूस आधीं विचारी, ‘हाली कीं कलदार?’ एका बाजूस सरकारी कागद उर्दूंत, तर दुसऱ्या बाजूस मराठींत. उर्दू लिपींत आपल्या ‘ळ’ला व ‘ण’ला स्वतंत्र अक्षर नाहीं, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहींत. शेतकऱ्यानें अर्जनविसाला तोंडी आपलें नांव सांगावें, अर्जनविसानें तें उर्दूंत उतरावें, आणि वर्षा-दोन वर्षांनीं दुसऱ्या कारकुनानें तें पुन्हां मराठींत वाचावें, ह्या प्रवासांत काळ्यांचे काले होणें अगदीं सोपें होतें. शेतकरी खरें बोलला होता, आणि कारकुनानेंही कागदावर होतें तेंच वाचलें होतें. जें बिघडलें तें मधल्या मधें बिघडलें.

ही गोष्ट मी लहानपणीं गंमत म्हणून ऐकली होती. पुढें ती माझ्यावरच उलटेल असें मला वाटलें नव्हतें.

आतां मूळ विषयाकडे वळतों. डेटाबेस म्हणजे नोंदींची पद्धतशीर वखार. कोणती नोंद कोठें ठेवली, ती चटकन् कशी काढावी, दोन नोंदींत विरोध येऊं नये म्हणून काय करावें, हें सारें तो पाहतो. अशा वखारींपैकीं एक अत्यंत प्रसिद्ध वखार म्हणजे ‘एस्क्यूलाइट’. डी. रिचर्ड हिप् ह्या अमेरिकन गृहस्थांनीं ती २००० सालीं प्रथम प्रसिद्ध केली. ते त्या वेळीं अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठीं चाललेल्या कामावर होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला कीं त्यांच्या प्रोग्रामाचें काम अडे. म्हणून सर्व्हरच नको, सगळी वखार एका साध्या फाइलींत राहावी, ही कल्पना त्यांना सुचली. ही वखार त्यांनीं सर्वांना मोफत खुली केली. आज तुमच्या हातांतल्या अँड्रॉइड फोनमध्यें किंवा आयफोनमध्यें ती असतेच.

ही वखार ‘सी’ भाषेंत लिहिलेली आहे. सी ही १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची ह्यांनीं तयार केलेली भाषा. ती यंत्राच्या अगदीं जवळची. तिच्यांत नोकरचाकर नाहींत. स्मरणांतील जागा पाहिजे असेल तर आपण मागून घ्यावी, काम संपलें कीं आपण परत करावी; विसरलों तर ती अडून राहते, आणि दोनदां परत केली तर सगळा संसार कोलमडतो. ह्याच्या उलट, १९९५-९६ मध्यें आलेली जावा, किंवा मायक्रोसॉफ्टनें २००२ मध्यें डॉटनेटबरोबर आणलेली सी-शार्प, ह्या कारभारी असलेल्या वाड्यासारख्या भाषा आहेत. वाड्यांत जागा कोणी किती घेतली ह्याचा हिशेब कारभारी ठेवतो, कोणी वापरीत नसलेलें सामान तो स्वतः उचलून टाकतो, आणि जागा मोकळी करण्यासाठीं प्रसंगीं आपलें सामान न विचारतां एका खोलींतून दुसऱ्या खोलींत सरकवतोही. वाड्यांतल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाहीं, कारण कोणतीही वस्तु मागितली कीं कारभारी ती नेमकी आणून देतो. अशा भाषांना व्यवस्थापित भाषा म्हणतात.

आतां वाड्यांतल्या माणसाला शिवेपलीकडच्या वखारींत जावयाचें असेल तर काय? त्यासाठीं वाड्याला एक वेस ठेवलेली असते. जावामध्यें १९९७ पासून अशी सोय आहे, आणि सी-शार्पमध्यें तर ती फारच सोपी आहे. अमुक नांवाच्या फाइलींत अमुक नांवाचें एक कार्य आहे, तें इतक्या वस्तु घेतें आणि ही वस्तु परत देतें, एवढी दोन ओळींची घोषणा लिहिली कीं झालें. मग तें पलीकडचें कार्य आपल्याच घरचें असल्यासारखें हांक मारून बोलावतां येतें. १९९२ पासून प्रचारांत असलेली ओडीबीसी नांवाची डेटाबेसांची सामाईक पद्धति असो किंवा एस्क्यूलाइट असो, रीत हीच.

परंतु ह्या घोषणेंत एक गोम आहे, आणि माझ्या सगळ्या भाषणाचें सार तींत आहे. ही घोषणा खरी कीं खोटी हें कोणी तपासून पाहत नाहीं. वाड्यांतल्या दोन खोल्यांमधील व्यवहारांत चूक झाली तर कारभारी लगेच हटकतो. पण शिवेवर तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. तुम्हीं एखादी गोष्ट सांगितलीच नाहीं, तर तो आपल्या जुन्या वहिवाटीप्रमाणें वागतो. आणि ती वहिवाट तुमच्या भाषेसाठीं पडलेली नसते.

ईटला माझे मामा एक लहानसें दूध-संकलन केंद्र चालवितात. सकाळ-संध्याकाळ माणसें किटल्या घेऊन येतात. दूध मोजलें जातें, फॅट आणि डिग्री पाहिली जाते, दर ठरतो, चिठ्ठी मिळते, आणि दर दहा दिवसांनीं हिशेब होऊन पैसे हातीं पडतात. मामांची पद्धत जुनी, म्हणजे एक लांबलचक वही आणि प्रत्येकाला एक नंबर. मी पुण्यास संगणकाचें काम करतों. एका दिवाळींत मीं मामांना म्हटलें, “मामा, माणसांना नंबरानें काय हांक मारतां? मी तुम्हांला असा प्रोग्राम करून देतों, कीं त्यांत प्रत्येकाचें नांव मराठींत लिहावयाचें, आणि नांवावर हिशेब निघेल.” मामा हंसले. “कर बाबा. तेवढीच हौस,” असें म्हणाले.

हौस हा शब्द त्यांनीं बरोबर वापरला. एस्क्यूलाइटशीं सी-शार्पमधून बोलण्यासाठीं तयार दुभाषे मिळतात, ते चांगल्या लोकांनीं वर्षानुवर्षें घांसूनपुसून केलेले आहेत. मला मात्र वाटलें, घोषणा दोन ओळींची आहे. आपणच लिहूं, म्हणजे शिकणेंही होईल. मीं वखार उघडण्याचें, वाक्य तयार करण्याचें, त्यांत नांव भरण्याचें, तें चालविण्याचें आणि शेवटीं बंद करण्याचें, अशीं मोजकीं कार्यें घोषित केलीं. पुण्याच्या घरीं बसून चांचणी घेतली. चांचणीसाठीं टंकलेलीं नांवें, श्रोतेहो, मीं रोमन लिपींत टंकलीं होतीं. हात त्या कळफलकाला सरावलेले, दुसरें कारण नाहीं. सगळें सुरळीत चाललें. मीं ईटला जाऊन प्रोग्राम बसवून दिला, मामांच्या मुलाला मराठी टंकावयास शिकविलें, आणि परत आलों.

केंद्रावर रोज चिठ्ठ्या निघत होत्या, त्यांवर नांवें स्वच्छ मराठींत छापलीं जात होतीं. पण चिठ्ठी छापतांना प्रोग्राम नुकतेंच टंकलेलें नांव वापरी. वखारींत गेलेलें नांव परत काढण्याची वेळ दहाव्या दिवशींच यावयाची होती. त्या दिवशीं मामांच्या मुलानें हिशेबाची यादी काढली, आणि कागदावर नांवांच्या जागीं प्रश्नचिन्हांच्या रांगाच्या रांगा उमटल्या. लिटर बरोबर, फॅट बरोबर, रुपये बरोबर. परंतु ते कोणाचे, हें सांगणारें एकही अक्षर शिल्लक नव्हतें.

एवढ्यावरही भागलें नाहीं. खातीं मोजलीं, तों माणसांपेक्षां कमी भरलीं. ज्या दोन बायांमुळें कारण उलगडलें त्यांचीं नांवें बदलून सांगतों. एकीला गोदावरी म्हणूं, दुसरीला कौसल्या. दोघी एकमेकींच्या जाऊ, त्यामुळें आडनांव एकच. गोदावरीबाई पहिल्या दिवशीं आधीं आल्या, त्यांचें खातें उघडलें गेलें. कौसल्याबाई मागाहून आल्या. प्रोग्रामानें वखारींत विचारलें, ‘ह्या नांवाचें खातें आहे का?’ आणि वखारीनें उत्तर दिलें, ‘आहे.’ तेव्हांपासून दहा दिवस कौसल्याबाईंचें दूध गोदावरीबाईंच्या नांवावर चढत होतें. कौसल्याबाईंची एकच म्हैस. त्या पैशांतून त्यांना सरकीपेंडीची उधारी द्यावयाची होती. त्या केंद्राच्या दारांत उभ्या राहिल्या आणि यादींत आपलें नांवच नाहीं असें ऐकून गप्प झाल्या. मामांचा मुलगा मला हें फोनवर सांगत होता, आणि मला आजोबांच्या गोष्टींतला अर्जनवीस आठवत होता.

असें कां झालें? सी-शार्पच्या वाड्यांत अक्षरें युनिकोड पद्धतीनें ठेवलेलीं असतात. युनिकोड म्हणजे जगांतल्या लिपींची एक सामाईक नोंदवही. तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली, आणि तींत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. त्या गटाची मांडणी भारतांत १९८८ सालीं ठरलेल्या ‘इस्की’ ह्या प्रमाणावर आधारलेली आहे. म्हणजे वाड्याच्या आंत मराठी नांव पूर्ण सुरक्षित होतें. परंतु विंडोजवर, शिवेबाहेर मजकूर कोणत्या लिपि-पद्धतींत न्यावयाचा हें घोषणेंत सांगितलें नाहीं, तर सी-शार्पचा कारभारी जुन्या वहिवाटीनें तो यंत्राच्या ठराविक जुन्या पानांत उतरवितो. आमच्या यंत्रावरच्या त्या पानांत फक्त २५६ जागा होत्या, आणि त्या पश्चिम युरोपांतील लिपींसाठीं होत्या. देवनागरीला तेथें जागाच नव्हती. जागा नसलेल्या प्रत्येक चिन्हासाठीं तो निमूटपणें एक प्रश्नचिन्ह लिहितो. रोमन अक्षरांना त्या पानांत जागा असल्यामुळें पुण्याची माझी चांचणी बिनबोभाट पार पडली होती.

आतां युनिकोडांत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याचें हलन्त चिन्ह हीं सर्व स्वतंत्र चिन्हें धरतात. गोदावरी ह्या नांवांत ग, ओकार, द, काना, व, र, वेलांटी मिळून सात चिन्हें होतात. कौसल्या ह्या नांवांत क, औकार, स, ल, हलन्त, य, काना मिळून सातच. उच्चारांत एकीचीं अक्षरें चार आणि दुसरीचीं तीन. परंतु शिवेपलीकडे दोघीही सात-सात प्रश्नचिन्हें होऊन पोंचल्या. वखारीच्या दृष्टीनें त्या एकच बाई होत्या. आणि प्रश्नचिन्हावरून मूळ अक्षर परत काढण्याचा जगांत कोणताही उपाय नाहीं. उर्दूंतल्या काल्यांचे काळे निदान तर्कानें तरी करतां येत. येथें तर्कालाही आधार नव्हता.

त्या दिवशीं आम्हांला मामांनीं वांचविलें. मीं फोनवर चांचरत सांगूं लागलों, तेव्हां ते शांतपणें म्हणाले, “घाबरू नको. वही चालूच ठिवली हाय म्या.” प्रोग्राम आल्यावरही त्यांनीं नंबरांची ती लांब वही एक दिवस बंद केली नव्हती. तीवरून संध्याकाळपर्यंत हिशेब झाला, आणि कौसल्याबाईंना त्यांचे पैसे पूर्ण मिळाले. पुढें कित्येक दिवस मीं मात्र ईटला फोन केला नाहीं.

मग मी मुळापासून शिकावयास बसलों. त्यांत जें हातीं लागलें तें आतां सांगतों.

पहिला प्रश्न लिपीचा. एस्क्यूलाइटचीं नेहमींचीं कार्यें ‘युटीएफ-आठ’ ह्या पद्धतीनें लिहिलेला मजकूर मागतात. केन थॉम्पसन व रॉब पाइक ह्यांनीं ही पद्धति १९९२ सालीं बसविली. तींत साध्या रोमन अक्षराला एक बाइट, म्हणजे स्मरणाचें एक घर, पुरतें. देवनागरी चिन्हाला तीन घरें लागतात. घोषणेंत हें स्पष्ट सांगणें, किंवा आपणच नांव त्या पद्धतींत उतरवून पाठविणें, हा उपाय. मीं दुसरा उपाय केला, आणि लगेच दुसऱ्या चुकींत सांपडलों.

तो दुसरा प्रश्न लांबीचा. नांव भरण्याच्या कार्याला त्याची लांबीही सांगावयाची असते. सी-शार्पला विचारलें तर ‘पांडुरंग’ ह्या नांवाची लांबी आठ येते, कारण चिन्हें आठ आहेत. मीं आठ सांगितली. पण वखार घरें मोजते, आणि तिच्या हिशेबानें तें नांव चोवीस घरांचें. तिनें आज्ञेप्रमाणें पहिलीं आठ घरें उचललीं. आठ घरांत दोन चिन्हें पुरतीं बसलीं आणि तिसऱ्याचे दोन तुकडे तेवढे आले. पांडुरंगाचा ‘पा’ राहिला, व पुढें एक मोडकें चिन्ह. ह्या वेळीं चांचणीस मीं मामांच्या वहींतलीं खरीं नांवें घेतलीं होतीं, म्हणून चूक पुण्यासच पकडली गेली. आठ हा आंकडा खोटा नव्हता. आठ कशाचे, हें मीं विचारलें नव्हतें. शंभर रुपये ठरले, पण हाली कीं कलदार, तें विचारावयाचें राहिलें, तशांतलाच हा प्रकार.

तिसरा प्रश्न मालकीचा, आणि हा सर्वांत अवघड. नांव भरतांना त्या कार्याला आणखी एक गोष्ट सांगावी लागते. ‘मी दिलेलें भांडें येथेंच राहील, तूं सवडीनें त्यांतून घे’ असें तरी सांगावें, किंवा ‘भांडें मी परत नेणार, तूं आत्तांच ओतून घे’ असें तरी सांगावें. केंद्रावर दूध घालणाऱ्या कोणालाही हा फरक कळेल. मीं पहिलें वचन दिलें. पण तें वचन देणारा मी कोण? किटली कारभाऱ्याच्या ताब्यांत होती. तें एक कार्य चालूं असेपर्यंत तो ती हलवीत नाहीं. तें संपलें कीं ती कोठें ठेवावी ही त्याची मर्जी. त्यामुळें बहुतेक वेळां नांव बरोबर लिहिलें जाई. परंतु भरणें व प्रत्यक्ष लिहिणें ह्यांच्या मधल्या क्षणीं कारभाऱ्यानें आवराआवर केलीच, तर वखार त्या जागीं पाही आणि तेथें जें असेल तें नांव म्हणून लिहून टाकी. हजारों नोंदी पुन्हां पुन्हां चालविल्यावर एक-दोन नोंदी अशा बिघडलेल्या सांपडल्या. ज्या चुका रोज होतात त्या लौकर कळतात; अशी क्वचित् होणारी चूक मात्र वर्षभर वहींत लपून बसते. उपाय एका आंकड्याचा होता. शून्याच्या जागीं उणें एक लिहिलें, कीं वखार तेथल्या तेथें नक्कल करून घेते.

मालकीचा हाच प्रश्न परत येतांनाही उभा राहतो. वखारींतून नांव मागितलें कीं ती नांव हातीं देत नाहीं; तें कोठें ठेवलें आहे ती जागा दाखविते. ती जागा तिची असते, आणि पुढली नोंद मागितली कीं ती बदलूं शकते. आपण तेथल्या तेथें नक्कल करून घ्यावी आणि मूळ जागेला हात लावूं नये. मीं घोषणेंत लिहिलें होतें, कीं हें कार्य ‘मजकूर परत देतें’. कारभाऱ्यानें तें खरें मानलें, नक्कल करून घेतली, आणि आपल्या रिवाजाप्रमाणें मूळ जागा मोकळी करावयास निघाला. दुसऱ्याच्या मालकीचें माप आपलें समजून मोडींत काढावें, तसें तें झालें. प्रोग्राम जागच्या जागीं कोसळला. त्याचें मला वाईट वाटलें नाहीं, कारण कोसळणारी चूक प्रामाणिक असते.

चौथा प्रश्न उत्तर ऐकण्याचा. वाड्यांत कांहीं बिघडलें तर कारभारी आरडाओरड करतो, आणि काम थांबतें. वखार ओरडत नाहीं. ती प्रत्येक कार्यानंतर एक आंकडा हातांत ठेवते. शून्य म्हणजे ठीक, शंभर म्हणजे एक नोंद तयार आहे, एकशें एक म्हणजे नोंदी संपल्या, पांच म्हणजे मी गुंतलें आहें. मीं आरंभीं हे आंकडे घेतच नव्हतों. वाक्य तयार करून वापरलें, आणि तें आवरलें नाहीं, तर दार लावतांना वखार पांच म्हणते व दार उघडेंच राहतें, हें मला फार उशिरां कळलें. शिवेपलीकडे जाणाऱ्यानें तिकडची बोली तर शिकावीच, पण तिकडचे लोक ‘नाहीं’ कसें म्हणतात तेंही शिकलें पाहिजे.

श्रोतेहो, कोणती लिपि, कशाची लांबी, कोणाची मालकी, आणि उत्तर काय आलें, असे हे चार प्रश्न आहेत. तयार दुभाषा वापरणाऱ्याला ते स्वतः सोडवावे लागत नाहींत, आणि माझा सल्ला असा, कीं पोटापाण्याच्या कामांत तयार दुभाषाच वापरावा. परंतु त्याच्याही आंत कोणीतरी बसून हेच प्रश्न सोडविलेले असतात. ज्यानें एकदां तरी स्वतः ते सोडविले, त्याला दुसऱ्याच्या दुभाषाची पारख करतां येते. माझ्या हौसेचा एवढा तरी उपयोग झाला.

आणि जे प्रोग्राम लिहीत नाहींत त्यांच्यासाठीं शेवटीं एक गोष्ट सांगतों. एखाद्या पावतीवर किंवा दाखल्यावर आपल्या नांवाच्या जागीं प्रश्नचिन्हें दिसलीं, कीं आपण म्हणतों, ‘यंत्राला मराठी येत नाहीं.’ तें खरें नाहीं. यंत्राला मराठी पुरतेपणीं ठेवतां येईल अशी सोय होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. दोन भाषांच्या शिवेवर जो मनुष्य दुभाषा म्हणून उभा होता त्यानें एक प्रश्न विचारला नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तसा कागद मुकाट्यानें घडी करून ठेवूं नये. तो परत करावा, आणि माझें नांव नीट लिहून द्या म्हणून सांगावें. मजसारख्यांना तसें सांगणारें कोणी भेटलें नाहीं, तर आम्ही आमच्या घरीं बसून रोमन नांवांवर चांचण्या घेत राहतों.

पुढच्या उन्हाळ्यांत मी ईटला गेलों. नवा प्रोग्राम बसविला. त्यांत नांव मराठींत आहे, आणि त्याच्या शेजारीं मामांचा जुना नंबरही आहे. हिशेब नंबरावर चालतो, नांव माणसासाठीं लिहिलेलें असतें. पहिल्या दहा दिवसांची यादी निघाली तेव्हां मी केंद्रावरच होतों. कौसल्याबाई आल्या. त्यांना थोडें वाचतां येतें. त्यांनीं यादींवरून बोट फिरवीत आपलें नांव शोधून काढलें, तें एकदां मोठ्यानें वाचलें, मग पैसे मोजून घेतले, आणि रिकामी किटली उचलून त्या घराकडे निघाल्या. मामांनीं वही उघडली व त्यांच्या नंबरापुढें नेहमींसारखी खूण केली. ती वही अजूनही चालूं आहे, आणि ती बंद करा असें मीं त्यांना आतां सांगत नाहीं.